गाठीचे माप आणि गाठीतला जीव

प्रस्तावना

पोटातल्या कर्करोगावर गोळी सुरू होते, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सीटी स्कॅन निघतो, आणि रिपोर्टचे पाकीट हातात पडताच घरचे माणूस विचारते, “साहेब, गाठ कमी झाली का?” हा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरही वर्षानुवर्षे स्वतःला हेच विचारत आले. केमोथेरपीच्या काळात त्याचे उत्तर सेंटीमीटरमध्ये देता येत होते. लक्ष्यवेधी औषधे आल्यापासून ते उत्तर अपुरे पडू लागले आहे, आणि काही वेळा साफ चुकते. औषध लागू पडलेले असते, गाठीतल्या पेशी मरत असतात, रुग्णाला भूक लागू लागलेली असते, आणि तरीही सीटीवर गाठीचे माप पूर्वीइतकेच असते. कधी थोडे वाढलेलेही असते. हे चित्र नीट कसे वाचायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

लिहिताना नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले वाचक डोळ्यांसमोर होते. सीटी सेंटरमध्ये नव्याने काम करू लागलेला रेडिओलॉजिस्ट, उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट अशा गावांत रुग्ण ज्यांच्याकडे आधी धाव घेतो ते फॅमिली डॉक्टर, आणि घरातले ते एक माणूस, जे आजाऱ्याची फाईल सांभाळते, गाडीचे तिकीट काढते आणि रिपोर्टमधला प्रत्येक आकडा काळजीने वाचते. या तिघांनाही एकच गोष्ट कळायला हवी: लक्ष्यवेधी औषधानंतर गाठ किती मोठी आहे हे पाहण्याआधी ती आतून कशी झाली आहे हे पाहावे लागते. पुढची सगळी प्रकरणे या एका वाक्याचा विस्तार आहेत.

हा धडा वैद्यकाला ज्या आजाराने शिकवला, त्याचे नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘जिस्ट’. अन्नमार्गाच्या भिंतीतून ही गाठ उगवते. सुमारे ६० टक्के रुग्णांत ती जठरात असते, सुमारे ३० टक्के रुग्णांत लहान आतड्यात, आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांत गुदाशयात. दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण १० ते १५ नवे रुग्ण, असे तिचे प्रमाण मानले जाते. २०११च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार आणि लातूरची २४ लाख ५४ हजार होती. हाच दर धरला तर या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला साठ ते पंच्याऐंशी नवे रुग्ण होतात. एकेका डॉक्टरच्या वाट्याला हा आजार क्वचित येतो, आणि म्हणूनच तो ओळखण्याचा आणि वाचण्याचा सराव कुणालाच होत नाही. त्यात ही गाठ भिंतीतून बाहेरच्या बाजूला वाढते. अन्नाची वाट अडत नाही, फार दुखत नाही. रक्त कमी का होते आहे याचा शोध घेताना, किंवा पोटात गोळा हाताला लागू लागल्यावर ती सापडते, तेव्हा अनेकदा ती दहा-पंधरा सेंटीमीटरची झालेली असते.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पसरलेल्या जिस्टवर औषध नव्हते. केमोथेरपीला ती दाद देत नसे आणि किरणोपचारांचा फारसा उपयोग नव्हता. १९९८ मध्ये जपानमधील ओसाकाच्या सेईची हिरोटा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या गाठीच्या पेशींत ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड झालेला असतो. निरोगी पेशीत किट हा बाहेरून हुकूम आला तरच वाढीचा संदेश देणारा दरवान असतो. बिघडलेला किट हुकुमाविना अखंड संदेश देत राहतो आणि पेशी वाढत राहतात. त्याच सुमारास रक्ताच्या एका कर्करोगासाठी, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियासाठी, इमॅटिनिब नावाच्या गोळीच्या चाचण्या सुरू होत्या. ही गोळी किटलाही गप्प करते, असे प्रयोगशाळेत दिसले. मार्च २००० मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात हेइक्की जोएन्सू आणि सहकाऱ्यांनी एका महिला रुग्णाला ती दिली. जठरात सुरू झालेला तिचा जिस्ट यकृतात पसरला होता आणि सगळे उपचार थकले होते. काही आठवड्यांत गाठी शांत झाल्या. आठ महिन्यांत मोजलेल्या गाठींचे क्षेत्रफळ सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. २००१ मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेत जिस्टसाठी या गोळीला परवानगी मिळाली. पसरलेल्या जिस्टच्या रुग्णांचे आयुष्य पूर्वी सरासरी दीड-दोन वर्षे उरत असे. पहिल्या मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांत ते पाच वर्षांच्या जवळ गेले.

हेलसिंकीच्या रुग्णात गाठी झपाट्याने आकसल्या होत्या. प्रत्येकात तसे होत नाही, हे पुढच्या रुग्णांनी दाखवले. इमॅटिनिब पेशीचा वाढीचा संदेश तोडते. पेशी मरते किंवा निपचित पडते, पण तिने व्यापलेली जागा लगेच रिकामी होत नाही. तिथे बुळबुळीत, जेलीसारखा पदार्थ साचतो, तंतुमय ऊती तयार होतात, कधी रक्तस्राव होऊन गाठ सुजते. रक्तवाहिन्या मात्र विझत जातात. शेतकरी कणसाच्या लांबीवरून राशीचा अंदाज बांधत नाही. तो दाणा बोटांत धरून भरला आहे की पोचट आहे हे पाहतो. औषध लागू पडलेल्या गाठीकडे तशाच नजरेने पाहायचे असते, आणि सीटी स्कॅन ती नजर देतो.

ती कशी देतो, हे दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, इथे थोडक्यात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघाला. १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचा प्रत्येक ठिपका क्ष-किरण किती अडवतो, हे त्यांचे यंत्र आकड्यात सांगते आणि त्या आकड्याला त्यांचेच नाव आहे: हाउन्सफील्ड युनिट. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे एक हजार. चरबी साधारण उणे शंभराच्या आसपास असते; यकृत, प्लीहा, स्नायू हे चाळीस ते साठच्या घरात. शिरेतून आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट दिले की जिथे रक्त खेळते तिथला आकडा चढतो. म्हणून कॉन्ट्रास्टनंतरचा आकडा ऊतीत किती रक्त पोहोचते, पर्यायाने तिच्यात किती जीव आहे, याची साक्ष देतो.

उपचाराआधीची जिस्ट कॉन्ट्रास्टनंतर उजळ दिसते. कडा तेजस्वी असतात, आतला भाग चट्ट्यापट्ट्यांचा असतो आणि मोठ्या गाठीत ठळक रक्तवाहिन्या दिसतात. इमॅटिनिब लागू पडले की पहिल्या एक-दोन महिन्यांतच चित्र बदलते. आतल्या रक्तवाहिन्या दिसेनाशा होतात, उजळ ठिपके विझतात, गाठ एकसारखी करडी होते आणि तिची कड रेखीव होते. सत्तरच्या आसपासचा आकडा चाळीसवर, कधी वीस-तीसवर येतो. पुढे तर ती पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी दिसू लागते. माप याच काळात फारसे हललेले नसते. आकार कमी व्हायला अनेक महिने लागतात, आणि काही गाठी कधीच फार लहान होत नाहीत. विझलेल्या अवस्थेत त्या वर्षानुवर्षे तशाच राहतात.

इथे जुन्या मोजपट्टीची अडचण झाली. २००० साली जगभरच्या कर्करोग चाचण्यांसाठी ‘रेसिस्ट’ नावाचे निकष ठरले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. त्यात गाठींच्या लांबीची बेरीज करतात. ती ३० टक्के घटली तर उपचार लागू, २० टक्के वाढली तर आजार वाढला, मधले सगळे स्थिर. या निकषांनी वैद्यकाला एक समान भाषा दिली आणि आजही बहुतेक रिपोर्ट त्याच भाषेत लिहिले जातात. पण आतून विझलेली आणि बाहेरून तेवढीच राहिलेली गाठ या भाषेत बसत नव्हती. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील हेसन चोई आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यावर उत्तर मांडले. ४० रुग्णांच्या १७२ गाठी त्यांनी उपचाराआधी आणि दोन महिन्यांनंतर सीटीवर तपासल्या आणि पेशींची साखरेची भूक दाखवणाऱ्या पेट स्कॅनशी ताडून पाहिल्या. त्यांचा निकष सोपा होता: लांबी १० टक्क्यांनी किंवा घनतेचा आकडा १५ टक्क्यांनी घटला, तर औषध लागू पडले असे मानावे. पेटवर ज्यांच्यात औषध लागू पडलेले दिसत होते, त्यांपैकी ९७ टक्के रुग्ण या निकषाने ओळखले; रेसिस्टने ओळखले ५२ टक्के. केवळ लांबी मोजली असती तर उपचाराचा फायदा होत असलेला जवळपास प्रत्येक दुसरा रुग्ण ‘फरक नाही’ या रकान्यात गेला असता.

हा रकाना कागदावर राहत नाही. त्यावरून औषध बदलते किंवा बंद होते. फ्रान्समध्ये झालेल्या एका चाचणीत, वर्षभर इमॅटिनिब घेऊन आजार आटोक्यात असलेल्या काही रुग्णांची गोळी थांबवून पाहिली गेली. त्यांतल्या बहुतेकांचा आजार पुन्हा वाढला. बऱ्याच जणांत गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो परत आटोक्यात आला, ही त्यातली समाधानाची बाब. तरीही निष्कर्ष स्पष्ट आहे: चुकीच्या वाचनाने चालू असलेले औषध सुटणे ही जिस्टच्या रुग्णाच्या वाट्याला येणारी मोठी हानी आहे. म्हणून या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण फसवणाऱ्या चित्रांना दिले आहे.

त्यांपैकी चार चित्रे इथेच सांगतो, कारण ती वाचकाने आधीपासून मनात ठेवावीत. पहिले, सुजलेली गाठ. औषधाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत गाठीत रक्तस्राव किंवा सूज होऊन ती मोठी होऊ शकते. ताज्या रक्ताची घनता जास्त असल्याने आकडाही चढतो. कॉन्ट्रास्टआधीचा साधा स्कॅन काढलेला असेल तर ही वाढ रक्ताची आहे की जिवंत ऊतीची, हे कळते. दुसरे, यकृतातल्या ‘नव्या’ गाठी. पसरलेल्या जिस्टचे काही ठिपके उपचाराआधी यकृताइतकेच उजळ असतात, त्यामुळे दिसत नाहीत. औषधाने ते विझले की काळसर डागांच्या रूपाने पहिल्यांदा नजरेस पडतात. नव्याने दिसणारी गाठ नव्याने झालेलीच असेल असे नाही, हे ध्यानात नसेल तर सुधारणेलाच बिघाड म्हटले जाते. तिसरे, पोटातले पाणी. इमॅटिनिबने शरीरात पाणी धरते. डोळ्यांखाली सूज येते, काही जणांत पोटात किंवा फुप्फुसाभोवती पाणी दिसते. ते औषधाचे आहे की आजाराचे, हे बाकीच्या गाठींकडे पाहून ठरवावे लागते.

चौथे चित्र उलट दिशेने फसवते. विझलेल्या, पाण्याच्या पिशवीसारख्या गाठीच्या आतल्या कडेवर एखादा छोटा उजळ दाणा उगवतो. गाठीचे एकूण माप तेवढेच असते, म्हणून जुन्या मोजपट्टीने सगळे ठीक वाटते. पण तो दाणा म्हणजे औषधाला न जुमानणाऱ्या पेशींची नवी वस्ती असते. इमॅटिनिब सुरुवातीला चांगले लागू पडलेल्या अनेक रुग्णांत साधारण दोन वर्षांच्या सुमारास असा प्रतिकार दिसू लागतो. तो वेळीच ओळखला तर गोळीचा डोस वाढवता येतो, एखाद-दुसराच दाणा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, किंवा सुनिटिनिब, रेगोराफेनिब, रिप्रेटिनिब अशी पुढची औषधे हाताशी असतात. घाईने औषध बंद करणे जितके घातक, तितकेच हा दाणा नजरेतून सुटणेही घातक. दोन्ही चुका एकाच सवयीतून होतात: गाठीच्या आत न पाहता फक्त टोकापासून टोकापर्यंत मोजणे.

जिस्टने शिकवलेली ही नजर आता पोटातल्या इतर कर्करोगांनाही लागते. मूत्रपिंडाच्या कर्करोगावर सुनिटिनिबसारखी औषधे रक्तवाहिन्यांवर घाव घालतात. गाठीचा मध्यभाग मरून काळा पडतो आणि कडेला उजळ कडे उरते. यकृताच्या मूळ कर्करोगात सोराफेनिब आल्यानंतर २०१० मध्ये सुधारित निकष पुढे आले. त्यांत धमनीच्या टप्प्यात उजळणारा, म्हणजे जिवंत, भाग तेवढाच मोजतात. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला असताना बेव्हॅसिझुमॅब दिले, तर गाठींच्या अस्पष्ट कडा रेखीव होतात आणि आतला भाग एकसारखा होतो. माप बदलले नाही तरी हा बदल शुभ मानला जातो. प्रत्येक आजाराला स्वतंत्र प्रकरण आहे. एकाचा निकष दुसऱ्याला जसाच्या तसा लावू नये, हेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आता आपल्या भागाबद्दल. ही औषधे गरिबाच्या आवाक्यात येण्याची कथा महाराष्ट्राशी जोडलेली आहे. इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचा, ग्लिवेकचा, भारतातला महिन्याचा खर्च एके काळी सव्वा लाख रुपयांच्या घरात सांगितला जात असे, तर भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आत मिळे. पेटंटच्या वादात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन रुग्णांच्या बाजूने उभी राहिली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने ग्लिवेक बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीची पेटंटची मागणी फेटाळली आणि स्वस्त गोळीचा मार्ग खुला राहिला. त्याआधी, २ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे ती राज्यभर गेली आणि आज महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालते. गोळी मिळण्याची वाट अशी पुष्कळ सोपी झाली. ती लागू पडते आहे की नाही हे नीट वाचण्याची जबाबदारी आता आपली आहे.

या वाचनात आपल्याकडे मोठा अडथळा अंतराचा आहे. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, १९६६ पासून लातुरात सेवा देणारे विवेकानंद रुग्णालय, अशी मोठी ठिकाणे जवळ आहेत. तरी कर्करोगाचा रुग्ण एका गावात थांबत नाही. लातूरकडचा माणूस बार्शीला किंवा सोलापूरला जातो, नांदेडचा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, देगलूर-बिलोलीकडचा हैदराबादला, आणि सगळीकडचे लोक शेवटी मुंबईला टाटा रुग्णालयात. पहिला स्कॅन एका गावात, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी यंत्र वेगळे, कॉन्ट्रास्टची वेळ वेगळी, आणि आधीची सीडी घरी कपाटात राहिलेली. अशा वेळी रेडिओलॉजिस्टच्या हातात फक्त आजचे चित्र असते. गाठीची घनता किती घटली हे सांगायला आधीचा आकडा लागतो; तो नसेल तर रेडिओलॉजिस्ट उरलेली एकच गोष्ट मोजतो, लांबी. आपल्या भागात मापावरून होणाऱ्या चुकीच्या निष्कर्षांचे मूळ बरेचदा इथे असते.

यावरचे उपाय साधे आहेत आणि खर्चाचे नाहीत. औषध सुरू करण्याआधीचा स्कॅन शक्यतो गोळी सुरू होण्याच्या अगदी जवळच्या दिवसांतला असावा. त्यात कॉन्ट्रास्टआधीचा साधा टप्पा असावा आणि कॉन्ट्रास्टनंतर सुमारे सत्तर सेकंदांचा, यकृताच्या शिरांचा टप्पा प्रत्येक वेळी सारखाच असावा. पुढचे स्कॅन जमेल तितके एकाच केंद्रात व्हावेत. तपासणीच्या चिठ्ठीवर आजाराचे नाव, औषधाचे नाव, डोस आणि ते सुरू झाल्याची तारीख फॅमिली डॉक्टरांनी लिहावी. ही एक ओळ रिपोर्टचा अर्थ बदलू शकते. रेडिओलॉजिस्टने लांबीबरोबर घनतेचा आकडा लिहावा, आणि तो गाठीतल्या सोयीच्या एखाद्या ठिपक्यावर नको, तर पूर्ण गाठीभोवती रेघ आखून घेतलेला असावा. रुग्णाच्या माणसांनी फिल्म आणि सीडी तारखेनुसार एका पिशवीत ठेवाव्यात आणि प्रत्येक वेळी सगळ्या न्याव्यात, केवळ शेवटची नाही. आणि रिपोर्टमध्ये ‘वाढ’ हा शब्द दिसला म्हणून उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये. डॉक्टर निर्णय घेईपर्यंत ती चालू ठेवणे हाच बहुतेक वेळा सुरक्षित मार्ग असतो.

मराठीत हे लिहिण्याचा आग्रह एका कारणासाठी होता. कर्करोगाच्या उपचारात रुग्णाचे घर हे उपचाराचे एक अंग असते. औसा किंवा हदगाव तालुक्यातला मुलगा आपल्या आईची फाईल घेऊन तीन शहरे फिरतो, तेव्हा त्या फाईलमधले सगळे स्कॅन पाहणारा तोच एक असतो. गाठ तेवढीच असूनही आई बरी का वाटते आहे, हे त्याला समजले, तर तो घाबरून औषध तोडणार नाही. आणि वर्ष-दोन वर्षांनी रिपोर्टमध्ये ‘आत उजळ भाग’ असे शब्द आले, तर तो वेळ न घालवता डॉक्टरांकडे जाईल. डॉक्टरांसाठीची प्रकरणे थोडी तांत्रिक आहेत, पण प्रत्येकाच्या शेवटी घरच्या वाचकासाठी सोप्या भाषेत सार दिले आहे. घरच्यांनी आधी हे सार वाचावे. डॉक्टरांनी पहिल्यापासून वाचावे.

पुढच्या वेळी सीटीचा रिपोर्ट हातात येईल तेव्हा वाचकाने तीन प्रश्न विचारावेत, एवढीच या पुस्तकाची अपेक्षा आहे. आधीच्या स्कॅनशी तुलना झाली आहे का? गाठीची घनता किती बदलली? आणि आत कुठे नवा उजळ भाग आहे का? हे तीन प्रश्न नांदेड-लातूरच्या प्रत्येक सीटी सेंटरमध्ये रोजचे झाले, तर लागू पडत असलेले औषध कुणाचे विनाकारण सुटणार नाही, आणि निकामी झालेल्या औषधावर कुणाचे मोलाचे महिने जाणार नाहीत.